पहिल्या वर्षाची फी फसवते: टाइमशेअरच्या मेंटेनन्सची तुलना कशी करायची

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी ठरावीक काळ, बहुधा एक आठवडा, वापरायचा विकत घेतलेला हक्क. तो घेताना दोन आकडे समोर येतात. पहिला खरेदीचा. तो मोठा असतो, त्यावर घासाघीस होते, सवलत मिळते, हप्ते बांधून मिळतात. दुसरा वार्षिक मेंटेनन्सचा. तो लहान दिसतो आणि "दरवर्षी थोडी देखभालीची फी असते" एवढ्या एका वाक्यात उरकला जातो. पण खरेदीचे पैसे एकदा देऊन मोकळं होता येतं. मेंटेनन्स मात्र करार संपेपर्यंत भरावाच लागतो, सुट्टीला गेलात तरी आणि नाही गेलात तरी. शिवाय तो वाढत जातो.

या दोन आकड्यांपैकी वजनदार कोणता, हे अमेरिकेतल्या पुनर्विक्रीच्या बाजारात स्पष्ट दिसतं. तिथे मालकांचे असे कित्येक आठवडे अक्षरशः एका डॉलरला विकायला ठेवलेले असतात. खोल्या वाईट असतात म्हणून नव्हे. मालकाला सुट्टी विकायची नसते, दरवर्षीची फी दुसऱ्याच्या नावावर करायची असते. खरेदीची किंमत शून्यावर आली तरी घेणारा सापडत नाही, याचा अर्थ त्या वस्तूची खरी किंमत मेंटेनन्समध्येच आहे. म्हणून दोन रिसॉर्टांमधून एक निवडायचं असेल तर मी आधी मेंटेनन्स उलगडून पाहायला सांगेन आणि खरेदीच्या किमतीकडे नंतर वळायला सांगेन.

ही फी म्हणजे एखाद्या वस्तूवर लावलेला भाव नव्हे. तो एक भागाकार आहे. रिसॉर्ट चालवायला वर्षभरात जेवढा खर्च येतो, त्याला फी भरणाऱ्या मालकांच्या संख्येने भागायचं. एका खोलीचे वर्षाला ५२ आठवडे असतात. बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दुरुस्तीसाठी मोकळा ठेवून ५१ विकतात. सफाई, स्वागतकक्ष, वीज-पाणी, विमा, मालमत्ता कर, पोहण्याचा तलाव आणि बागेची निगा, कर्मचाऱ्यांचे पगार, व्यवस्थापन कंपनीचा मोबदला आणि पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला काढायचे पैसे, हे सगळं वर अंशात येतं. खाली छेदात येतात ते मालक. पण फक्त पैसे भरणारे मालक. हा 'फक्त' पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

तुलनेची पहिली अडचण अगदी साधी असते: दोन रिसॉर्टांची 'फी' म्हणजे एकच गोष्ट नसते. एकाच्या आकड्यात मालमत्ता कर धरलेला असतो, दुसऱ्याकडे त्याचं बिल वेगळं येतं. एकाकडे वीज फीमध्येच असते, दुसरीकडे मुक्काम संपताना मीटरप्रमाणे द्यावी लागते. पॉइंटवर चालणाऱ्या क्लबांमध्ये, म्हणजे जिथे ठरावीक आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून मुक्काम घ्यायचा असतो, तिथे रिसॉर्टच्या मेंटेनन्सशिवाय क्लबची सभासद फीही असू शकते. आरसीआय ही अदलाबदल कंपनी १९७४ साली सुरू झाली आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ साली. आपला आठवडा जमा करून दुसऱ्या ठिकाणचा घ्यायची सोय या कंपन्या देतात, पण त्यांची वार्षिक वर्गणी वेगळी आणि प्रत्येक अदलाबदलीची फीही वेगळी. ज्यांना दरवर्षी नव्या ठिकाणी जायचं आहे, त्यांच्यासाठी हा खर्च मेंटेनन्सचाच भाग आहे, कारण तो टळणारा नाही. तेव्हा दोन्हीकडचे सगळे वार्षिक आकडे एकाच कागदावर मांडा आणि बेरीज करा. मग बेरजांची तुलना करा, सुट्या आकड्यांची नको.

इथे आणखी एक खोच आहे. काही करार वर्षाआडचे असतात, म्हणजे एक वर्ष सोडून एक वर्ष सुट्टी. तिथे फी कधी वर्षाआड येते, तर कधी दरवर्षी अर्धी. विक्रेता अर्धा आकडा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तुम्ही तो आकडा दरवर्षीच्या कराराशेजारी ठेवलात तर तुलना साफ चुकते.

बेरीज झाली की तिला मुक्कामाच्या रात्रींनी भागा. ठरावीक आठवड्याच्या जुन्या पद्धतीत हे सोपं आहे: वर्षाची फी भागिले ७. मात्र या पद्धतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच रिसॉर्टांमध्ये फी खोलीच्या आकारावर ठरते, हंगामावर नाही. ऐन गर्दीच्या आठवड्याचा मालक आणि ओसाड हंगामातल्या आठवड्याचा मालक सारखीच फी भरतात. हिशेबाच्या दृष्टीने ते रास्तच आहे, छत आणि गाद्या दोघांसाठी सारख्याच झिजतात. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने, खरेदीला स्वस्त मिळालेला ओसाड हंगामाचा आठवडा पुढे दरवर्षी महागच पडतो. त्या दिवसांत शेजारचं हॉटेल अर्ध्या भावात खोली देत असतं आणि तुम्ही मात्र पूर्ण फी भरत असता.

पॉइंटच्या पद्धतीत गोष्ट आणखी निसरडी होते. तिथे फी 'प्रति पॉइंट' सांगतात आणि कमी आकडा ऐकून माणूस हुरळतो. समजा एका क्लबात पॉइंटमागे फी ६ आहे आणि दुसऱ्यात ८. चलन कोणतंही धरा. पहिला स्वस्त वाटतो. पण तुम्हाला हव्या त्या हंगामात, हव्या त्या आकाराच्या खोलीसाठी पहिल्या क्लबात आठवड्याला १२० पॉइंट लागतात आणि दुसऱ्यात ८०. म्हणजे पहिल्यात आठवड्याची फी ७२०, दुसऱ्यात ६४०. 'स्वस्त' क्लब महाग निघाला. पॉइंटचा दर कधीही एकटा पाहायचा नाही. त्याच्या जोडीला कोणत्या तारखांना किती पॉइंट लागतात याचा तक्ता हवाच, आणि तोही तुमच्या सुट्टीच्या खऱ्या तारखांचा. मुलांच्या शाळेला सुट्टी असते तेव्हाच जाता येणाऱ्या कुटुंबाने स्वस्त हंगामाचे पॉइंट धरून हिशेब केला, तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी हिशेब होतो.

पॉइंटच्या काही क्लबांत 'मूळ रिसॉर्ट' नावाची कल्पना असते. डिस्ने व्हेकेशन क्लब हे याचं स्वच्छ उदाहरण आहे. १९९१ पासून चालणाऱ्या या क्लबात प्रत्येक रिसॉर्टची प्रति पॉइंट फी वेगळी असते. तुम्ही ज्या रिसॉर्टचे पॉइंट विकत घेतले त्याचीच फी भरता, मग सुट्टी क्लबाच्या दुसऱ्या एखाद्या रिसॉर्टात काढलीत तरी. समुद्रकाठच्या व्हीरो बीचची फी ऑरलँडोच्या रिसॉर्टांपेक्षा पॉइंटमागे बरीच जास्त आहे. व्हीरो बीचचे पॉइंट पुनर्विक्रीत स्वस्त मिळतात म्हणून घ्यायचे आणि राहायचं मात्र ऑरलँडोत, असं ठरवणारा माणूस किनाऱ्यावर पाऊल न ठेवता किनाऱ्याची फी भरत राहतो. स्वस्त खरेदी आणि महाग मेंटेनन्स ही जोडी अशी वारंवार एकत्र दिसते, आणि ते आपोआप घडतं: फी जास्त असली की घेणारे कमी होतात आणि किंमत खाली येते.

आता वाढीकडे येऊ. मला विचाराल तर सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा.

समजा 'अ' रिसॉर्टची आजची फी १०० आहे आणि ती दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते. 'ब' ची आजची फी १२५ आहे, पण वाढ ४ टक्क्यांची. विक्रीच्या टेबलावर 'अ' सरळ जिंकतो, फी पंचवीसने कमी. आठ वर्षं उलटली की दोघांची फी साधारण १७१ च्या आसपास एका पातळीवर येते आणि तिथून 'अ' पुढे निघतो. आतापर्यंत भरलेल्या एकूण पैशांत मात्र 'अ' अजून स्वस्त असतो. पंधराव्या वर्षी तेही उलटतं. वीस वर्षांत 'अ' ला सुमारे ४,१०० भरलेले असतात आणि 'ब' ला सुमारे ३,७२०. शिवाय त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी ही दरी रुंदावतच जाते. करार २५ वर्षांचा किंवा कायमचा असेल तर पहिल्या वर्षीचा पंचवीसचा फरक काहीच सांगत नाही. वाढीचा दर मात्र पुष्कळ सांगतो.

हा दर काढायला विक्रेत्याचं आश्वासन कामाचं नाही. मागच्या पाच-सात वर्षांची प्रत्यक्ष फी मागा. पाच वर्षांपूर्वी ८० होती आणि आज ११२ आहे, तर ती ४० टक्के वाढली, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास ७ टक्के. एक जुनी युक्ती इथे उपयोगी पडते: ७२ ला वाढीच्या टक्क्यांनी भागलं की फी किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज येतो. ७ टक्के असेल तर सुमारे दहा वर्षं, ४ टक्के असेल तर अठरा. तुमचं निवृत्तीचं वय आणि फी दुप्पट होण्याचं वर्ष शेजारी शेजारी लिहून पाहा.

करारात वाढीवर काही मर्यादा आहे का, तेही पाहा. काही करार वाढ महागाई निर्देशांकाशी जोडतात, काहींत वरची टक्केवारी ठरलेली असते, आणि अनेकांत कोणतीच मर्यादा नसते. तिथे खर्च वाढेल तशी फी वाढते. मर्यादा असणं चांगलं. पण 'विशेष वर्गणी', म्हणजे मोठ्या खर्चासाठी नेहमीच्या फीशिवाय मालकांकडून घेतली जाणारी जादा रक्कम, त्या मर्यादेत येते की तिच्या बाहेर, हे त्याच कलमात शोधा. बाहेर असेल तर मर्यादेचा अर्धा उपयोग गेला.

इतकं सगळं सांगितल्यावर 'मग कमी फीचं घेऊ' असं वाटणं स्वाभाविक आहे. पण अवास्तव कमी फी ही धोक्याची खूण असू शकते. तिची कारणं तीन.

पहिलं कारण नव्या रिसॉर्टांचं. विक्री चालू असेपर्यंत बांधकाम कंपनी मेंटेनन्समधली तूट कधीकधी स्वतः भरते, फी ठरावीक पातळीवर ठेवायची हमीही देते. फी कमी दिसली तर आठवडे विकले जातात, म्हणून कंपनीला ते परवडतं. सगळे आठवडे विकले गेले की हमीची मुदत संपते आणि खरा खर्च मालकांवर येतो. म्हणून नव्या रिसॉर्टात विचारायचा प्रश्न असा: आजच्या फीमध्ये कंपनीचे किती पैसे आहेत, आणि ते कधी बंद होणार?

दुसरं कारण थकबाकीचं. मघाच्या भागाकाराकडे परत चला. हजार मालक आहेत, वर्षाचा खर्च १ लाख, फी प्रत्येकी १००. त्यातल्या शंभर जणांनी भरणं थांबवलं तर उरलेल्यांवर १११ येतात. दोनशेंनी थांबवलं तर १२५. खर्च एका पैशानेही वाढलेला नाही, तरी फी पाव पटीने वाढली. ती वाढली म्हणून आणखी काही जण गळतात, आणि फी पुन्हा वाढते. जुन्या, मालकांचं वय झालेल्या रिसॉर्टांमध्ये हे चक्र फार वेदनादायक होतं, कारण प्रामाणिकपणे भरणारा माणूसच सगळ्यांत जास्त सोसतो. त्यामुळे थकबाकीदार किती टक्के आहेत आणि रिसॉर्टने परत घेतलेले आठवडे किती पडून आहेत, हे दोन आकडे मला रिसॉर्टच्या फोटोंपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

तिसरं आणि सगळ्यांत गंभीर कारण राखीव निधीचं, म्हणजे ज्याला आपण सिंकिंग फंड म्हणतो त्याचं. छताचं आयुष्य समजा वीस वर्षं आणि बदलायचा खर्च ६०,००० आहे. हजार मालकांनी दरवर्षी प्रत्येकी ३ बाजूला काढले तर विसाव्या वर्षी पैसे तयार असतात. फी आकर्षक दिसावी म्हणून हे ३ काढलेच नाहीत, तर विसाव्या वर्षी प्रत्येकाला ६० ची विशेष वर्गणी येते. आता अठराव्या वर्षी आठवडा घेतलेल्या माणसाचा विचार करा. त्याने दोन वर्षं छत वापरलं आणि वीस वर्षांच्या झिजेचा वाटा भरला. त्याच्या आधीचे मालक कमी फीचा आनंद घेऊन निघून गेलेले असतात. कमी मेंटेनन्सचं जुनं रिसॉर्ट घेणं म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याने न भरलेलं बिल घेणं.

राखीव निधी कोरडा ठेवण्याची किंमत पैशांपुरती राहत नाही, हे फ्लोरिडातल्या सर्फसाइडमध्ये जगाने पाहिलं. २४ जून २०२१ रोजी चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही बारा मजली निवासी इमारत कोसळली आणि ९८ माणसं गेली. ती टाइमशेअरची इमारत नव्हती, फ्लॅटमालकांच्या संघटनेची होती. पण वर्गणी आणि दुरुस्तीचं गणित तेच. २०१८ च्या अभियंत्याच्या अहवालात काँक्रीटच्या मोठ्या नुकसानीचा इशारा होता, निधी अपुरा होता आणि सुमारे दीड कोटी डॉलरची विशेष वर्गणी मालकांवर बसवण्यात आली होती. दुरुस्ती पूर्ण होण्याआधीच इमारत गेली. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने तीन आणि त्याहून जास्त मजल्यांच्या अशा इमारतींना संरचनेची तपासणी आणि त्यासाठीच्या निधीचा अभ्यास बंधनकारक केला. मालकांच्या मतदानाने संरचनेसाठीचा निधी टाळायची जुनी पळवाटही बंद करायचं ठरवलं. अशा नियमांनी वर्गणी वाढते, आणि ती वाढ योग्यच आहे.

म्हणून रिसॉर्टचं अंदाजपत्रक मागा आणि त्यात राखीव निधीची ओळ शोधा. दरवर्षी किती जमा होतात, आज शिल्लक किती, पुढच्या दहा वर्षांत कोणत्या दुरुस्त्या अपेक्षित आहेत आणि त्यांचा अंदाज किती. मागच्या दहा वर्षांत विशेष वर्गणी कितीदा आली तेही विचारा. वादळाच्या पट्ट्यातल्या किनाऱ्यावर विम्याची ओळ बारकाईने पाहा. विम्याचा हप्ता भराभर वाढतो, आणि विमा भरपाई देतो ती सुरुवातीची ठरलेली रक्कम वजा करूनच. ती रक्कम मालकांच्या खिशातून जाते.

हे कागद मागायला संकोच वाटायचं कारण नाही. युरोपीय संघाच्या २००८ च्या टाइमशेअर निर्देशानुसार विक्रेत्याने करारापूर्वी ठरावीक नमुन्यात माहिती द्यावी लागते. त्यात वार्षिक फी, इतर नियमित शुल्कं, विशेष वर्गण्या आणि स्थानिक कर यांचे प्रकार व रकमा सांगायच्या असतात. खर्चाची वाटणी कशी होते, तो कधी आणि कसा वाढू शकतो, हेही सांगायचं असतं. जिथे असा कायदा नाही तिथेही हाच नमुना प्रश्नावली म्हणून वापरता येतो. जो विक्रेता यातल्या साध्या प्रश्नांची लेखी उत्तरं देत नाही, त्याच्याशी पुढे बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब स्वतःवर आणा. दहा वर्षांत तुम्ही खरंच किती वेळा जाल? आजारपण, नोकरी, परीक्षा, म्हातारे आई-वडील. दहापैकी तीन वर्षं चुकली तर १०० ची फी प्रत्येक सुट्टीमागे १४३ होते. न वापरलेलं वर्ष पुढे नेता येतं का, त्यासाठी वेगळे पैसे लागतात का, हे विचारा. करार मुदतीचा असेल तर खरेदीची किंमत उरलेल्या वर्षांनी भागून या आकड्यात मिसळा. एकदम दिलेली किंमत विसरली जाते, पण २५ वर्षांच्या करारावर दिलेले २,५०० म्हणजे दर वर्षाचे १०० असतात.

शेवटची तपासणी सर्वांत सोपी आणि सर्वांत बोलकी आहे. त्याच रिसॉर्टात, त्याच आठवड्यासाठी, तशीच खोली दुसरे मालक भाड्याने किती पैशांना देतात ते शोधा. अनेक मालक निदान फी निघावी म्हणून आपला आठवडा भाड्याने देत असतात. ते भाडं मेंटेनन्सपेक्षा ठळकपणे जास्त असेल तर त्या आठवड्याला खरं मोल आहे. भाडं मेंटेनन्सएवढंच किंवा त्याहून कमी असेल, तर खरेदीची किंमत न देता, कोणतंही बंधन न घेता तुम्ही तीच सुट्टी भाड्याने काढू शकता. मग करार कशासाठी करायचा, याचं चोख उत्तर तुमच्याकडे हवं.

सही करून बसला असाल आणि हे आता वाचत असाल, तर आधी तारीख पाहा. युरोपीय संघात करार रद्द करायला १४ दिवस मिळतात आणि त्या काळात विक्रेत्याने आगाऊ रक्कम घेणंच निषिद्ध आहे. फ्लोरिडात ही मुदत १० दिवसांची आहे आणि तो हक्क कुणी सही करून सोडूनही देऊ शकत नाही. इतर ठिकाणची मुदत तुमच्या करारातच लिहिलेली असते. ती संपायच्या आत व्यवस्थापनाला लेखी पत्र पाठवा आणि पाच वर्षांची फी, चालू अंदाजपत्रक, निधीची शिल्लक आणि थकबाकीचं प्रमाण मागा. उत्तर आलं नाही, तर मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, करारात सांगितलेल्या पद्धतीनेच रद्द करण्याची सूचना पाठवा आणि पोच जपून ठेवा.